झाकलेल्या बरणीतलं पाणी

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

नवरात्र पंधरा दिवसांवर आलंय. घरोघरी धुणी निघालीत. वाकळा, गोधड्या, पडदे, सगळं बाहेर आलंय. ज्यांच्या नदीला पाणी आहे त्या नदीवर, ज्यांच्या नाही त्या बोअरवर. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, म्हणून आज तुमच्याशी एका बरणीबद्दल बोलायचं ठरवलंय. काचेची बरणी. तिच्यात लोणचं नाही. तिच्यात जिवंत झाडं आहेत, झाकण घट्ट लावलंय, आणि महिनोन्‌महिने तिला पाणी घालावं लागत नाही.

पण बरणीकडे जाण्याआधी घटाकडे जाऊ, कारण ते आपल्याला पाठ आहे. घट बसवताना आपण काय करतो? शेतातली काळी माती आणायची, चाळायची, टोपल्यात नाहीतर पत्रावळीवर पसरायची. गहू, ज्वारी, करडई, हरभरा, घरात जे असेल ते मिसळून पेरायचं. मधोमध मातीचा घट पाण्यानं भरून ठेवायचा. त्यावर नागवेलीची पानं, नारळ, आणि रोजची एक माळ. आता गंमत बघा. त्या पेरलेल्या मातीवर आपण तांब्याच्या तांब्या ओतत नाही. घट भाजलेल्या मातीचा असतो, तो थोडा थोडा पाझरतो, आणि भोवतीची माती आपोआप ओली राहते. जेवढं पाहिजे तेवढंच पाणी बियाणं ओढून घेतं. नवव्या दिवशी वीतभर कोवळं धान उभं असतं. देवघरात ऊन कमी, म्हणून पिवळसर, पण जिवंत. दसऱ्याला ते गडी माणसं टोपीत खोवतात, आपण वेणीत माळतो. जुन्या बाया त्या धानाकडे बघून रब्बीचा अंदाज बांधायच्या. देवीचा कौल म्हणा, नाहीतर बियाण्याची उगवण तपासणी म्हणा, दोन्ही एकाच टोपल्यात व्हायचं.

तर भांड्यात माती घालून, पाण्याचं गणित सांभाळून, घरात हिरवं उगवणं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. काचेच्या बरणीतली बाग ही त्या घटाची लांबची बहीण आहे. शहरात तिला टेरेरियम म्हणतात. पुण्या-मुंबईच्या दुकानांत छानशा बरण्या बाराशे-पंधराशे रुपयांना विकायला असतात, वाढदिवसाला देतात. मी आज सांगणार आहे ती बिनपैशाची.

ही गोष्ट सुरू झाली लंडनमध्ये, साधारण दोनशे वर्षांपूर्वी, आणि तीही चुकून. नथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. लंडनच्या गरीब वस्तीत त्यांचा दवाखाना. झाडांचं भारी वेड. पण त्या काळचं लंडन म्हणजे घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या आणि कारखान्यांची धुराडी. परळी थर्मलची राख ज्यांनी अंगणात झाडलीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. डॉक्टरांनी अंगणातल्या भिंतीवर नेचे लावले, ते धुरानं मेले. पुन्हा लावले, पुन्हा मेले. १८२९ साली त्यांनी एका फुलपाखराच्या जातीच्या किड्याचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटलीत बंद केला, पंख कसे फुटतात ते बघायला. किड्याकडे लक्ष ठेवता ठेवता त्यांना दिसलं की दिवसा बाटलीत काचेवर दव धरतं, ते ओघळून परत मातीत जातं, आणि त्या मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलंय. अंगणात जे जगत नव्हतं ते बंद बाटलीत आपणहून आलं! त्यांनी ती बाटली खिडकीत ठेवली. पाण्याचा एक थेंब न घालता ते रोप जवळजवळ चार वर्षं जगलं. शेवटी मेलं ते कशानं? झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं म्हणून. कोरडं पडून नाही गेलं, जास्त पाण्यानं गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वॉर्डनी मग सुताराकडून काचेच्या पेट्या करून घेतल्या. १८३३ साली दोन पेट्या नेचे आणि गवत भरून बोटीनं ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. सहा-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, वर खारं पाणी, खाली ऊन. झाडं जिवंत पोचली. परतीच्या बोटीनं तिकडची झाडं तशीच इकडे आली. झालं, सगळ्या जगाची झाडं इकडची तिकडे निघाली. रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या माणसानं चीनमधून चहाची हजारो रोपं असल्याच पेट्यांतून १८५१च्या सुमारास हिंदुस्थानात आणली, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी. हिवतापाचं औषध ज्या सालीपासून होतं ते सिंकोनाचं झाड दक्षिण अमेरिकेतून निलगिरीवर आलं, त्यातही या पेट्यांचा हात होता. रबराची रोपं श्रीलंकेत गेली, तीही याच वाटेनं. यात सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या जमिनीतून ही झाडं नेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मळ्यांवर ज्यांनी घाम गाळला त्यांचे हाल आपण ऐकून आहोत. पण सकाळी चहाचं आधण ठेवताना एवढं आठवायला हरकत नाही की यातली काही झाडं काचेच्या पेटीत बसून समुद्र ओलांडून आली आहेत.

आता बरणीत नक्की काय घडतं? झाड मुळानं पाणी पितं, हे आपल्याला माहीत आहे. त्यातलं बरंचसं ते पानांवाटे पुन्हा हवेत सोडून देतं, हे सहज डोळ्यांना दिसत नाही. ते बघायचं असेल तर उद्या सकाळी एक करा. अंगणातल्या लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, पाल्याच्या एका फांदीला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घाला, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधा, आणि दुपारी बघा. पिशवीच्या आत पाणी जमलेलं असेल. ते झाडानं सोडलेलं पाणी. मोकळ्यावर ते वाऱ्याबरोबर निघून जातं. बरणीत त्याला जायला जागा नाही. ते काचेला धरतं, थेंब होतो, थेंब ओघळतो, मातीत उतरतो, मूळ पुन्हा तेच पाणी पितं. समुद्राची वाफ, ढग, पाऊस, नदी, हे शाळेच्या पुस्तकात बाणांनी काढलेलं चक्र इथं हातभर बरणीत फिरताना दिसतं. हवेचंही तसंच. उजेड असताना पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. गळलेली पानं मातीत कुजतात, तेव्हा जिवाणू ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड परत देतात. बाहेरून आत येतो तो फक्त उजेड. काच उजेडाला अडवत नाही, वाफेला अडवते. सगळी किमया एवढीच आहे.

आपल्या बीडला हे जरा जास्तच कळायला पाहिजे. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आपणही उभ्या होतो. पाणी येतं आणि निघून जातं, असंच आपण म्हणत आलो. बरणी दाखवते की ते कुठून कसं निघून जातं. उघडी माती तापली की तिच्यातली ओल उडते. तूर-कापसाच्या ओळींत पाचट, पाला पसरून माती झाकली की तीच ओल थांबते. माझ्या ओळखीच्या एका बाईनं बरणीकडे आठ दिवस बघून आपल्या वांग्याच्या वाफ्यात पाल्याचं आच्छादन घातलं. कृषी सहायक हेच चार वर्षं सांगत होते, ते तिच्या गळी उतरलं नव्हतं. सांगून जे होत नाही ते कधी कधी नुसतं बघून होतं.

थोडं काचेबद्दल. काच म्हणजे मुळात वाळू. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवला की काच होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे चांगली काच परदेशातून यायची. तेव्हा अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकांनी एक कल्पना काढली, की माणसागणिक एक पैसा जमा करायचा आणि देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. मग कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना आला, त्या गावाचं नावच ओगलेवाडी पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील कितीतरी घरांत होता. त्या कंदिलाच्या काचेचा एक उपयोग जुन्या बायका जाणून होत्या. गुलाबाची नाहीतर जाईची काडी ओल्या मातीत खोचायची, तिच्यावर कंदिलाची काच उभी ठेवायची, वरच्या तोंडावर वाटी पालथी घालायची. आतली ओल टिकायची आणि काडी महिन्याभरात फुटायची. लंडनच्या डॉक्टरांच्या पेटीत आणि या कंदिलाच्या काचेत काय फरक आहे सांगा? आता कंदील नाहीत, तर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून पालथी घाला, काम तेच होतं.

आता बरणी भरायची कशी ते ऐका. कागद-पेन्सिल लागणार नाही.

दोन-तीन किलोची काचेची बरणी घ्या, लोणच्याची किंवा किराणा दुकानातली गोळ्या-बिस्किटांची. तोंड आपला हात जाईल एवढं मोठं. लोणच्याची असेल तर राखेनं, साबणानं घासून दोन दिवस उन्हात वाळवा. मीठ आणि तेल राहिलं तर झाड टिकत नाही. तळाशी बोटभर जाडीची बारीक खडी. त्यावर चुलीतला विझलेला कोळसा ठेचून, पातळ थर. राख नको, कोळसाच. तो वास धरून ठेवतो. मग माती. इथं आपली काळी माती नुसती चालत नाही बरं का. ती पाणी धरून चिकट होते आणि वाळली की भेगाळते, बरणीत मुळं गुदमरतात. निम्मी माती, निम्मी वाळू आणि जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, असं करून ओंजळीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटानं टोचताच फुटला, की ओल बरोबर आहे. बोटांतून पाणी निथळलं तर जास्त झालं. युरिया, डीएपी काही नको. खत दिलं की झाड भसाभसा वाढतं आणि आपल्याला ते तिथं वाढवायचं नाहीये, टिकवायचंय.

थर घालताना थोडी हौस करा. काच आहे, बाजूनं सगळं दिसतं. डोंगराकडचा तांबडा मुरूम, नदीची पांढरी वाळू, काळी माती, पुन्हा मुरूम, असे तिरके-वाकडे थर दिले की बरणीच्या अंगावर रांगोळी उठते. आमच्या गटातल्या बायांनी त्यात बालाघाटचे डोंगर काढले होते, एकीनं तर नांगरट. कला शिकलेल्यांना जमतं असं नाही, उतरंड रचणारा हात कुठंही रचतो. कुणीतरी म्हणालं, वाढलेल्या बांगड्यांच्या काचा घालू, रंग येईल. त्यावर बाकीच्या गप्प झाल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, ते कशाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी, ज्यांनी वीस वर्षांत काचेची बांगडी हातात घातलेली नाही, त्यांनीच हिरव्या काचांची पुडी आणून दिली. कुठून आणली आम्ही विचारलं नाही. त्या काचा त्यांच्या बरणीत आहेत.

झाडं कोणती? सावलीत, ओलीत वाढणारी. पावसाळ्यात जुन्या बारवेच्या, विहिरीच्या दगडांच्या सांदीत हंसराज येतो, काळ्या चकचकीत देठाचा, पंख्यासारख्या नाजूक पानांचा. तोच नेचा. त्याचं एकच लहान रोप मुळासकट अलगद काढा, बाकी राहू द्या. शेवाळाचाही रुपयाएवढा तुकडा पुरे, ते पसरतं. विहिरीत उतरायचं धाडस कुणी करू नका, काठावरून हात पोचेल तिथलंच घ्या. नाहीतर नर्सरीतून सिंगोनियम किंवा पेपरोमियाचं लहान रोप आणा, मनीप्लँटची दोन पेरांची कांडी लावली तरी चालते. कोरफड, निवडुंग बंद बरणीत कुजतात. आणि तुळस घालू नका. तिला ऊन लागतं, वारा लागतो, ती अंगणातलीच.

लावून झालं की काठाकाठानं अर्धा पेला पाणी सोडा, झाकण लावा आणि बरणी उजेडात ठेवा, उन्हात नको. आपलं ऊन एप्रिलमध्ये बेचाळीसवर जातं. काचेतून आत गेलेली उष्णता बाहेर पडत नाही, उभ्या गाडीत बसल्यासारखं होतं, आणि एका दुपारीत झाड शिजतं. उत्तरेकडची खिडकी चांगली. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यापासून लांब, खालच्या फळीवर.

आणि मग सगळ्यात अवघड काम. काही करायचं नाही. खरं सांगते, आपल्याला हे जमत नाही. पोरगं रडलं की जेवू घाल, झाड दिसलं की पाणी घाल. आमच्या बारा जणींपैकी पाच जणींच्या बरण्या पहिल्या महिन्यात सडल्या, त्या सगळ्या मायेनं सडल्या. रोज झाकण काढून चमचाभर, चमचाभर. लंडनच्या डॉक्टरांचं रोप कशानं गेलं ते मघाशी सांगितलंच.

जगात याला आता मोठी कला मानतात. पॉला हेज नावाच्या अमेरिकन कलावंत आहेत. त्या भट्टीतली काच फुंकून पाण्याच्या थेंबासारखी, भोपळ्यासारखी भांडी घडवून घेतात आणि आत जिवंत झाडं लावतात. २०१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रवेशदालनात त्यांची अशी कामं मांडली होती. मला त्यांच्या काचेपेक्षा त्यांची एक अट जास्त आवडली. काम विकत घेणाऱ्याला त्या झाडांची निगा राखायचा लेखी करार करायला लावतात. चित्र भिंतीवर टांगलं की संपलं, इथं तसं नाही. घेतलं तर सांभाळावं लागेल, आणि सांभाळणं हा त्या कलेचाच भाग. वाचलं आणि हसू आलं. तुळशीच्या बाबतीत आपल्याकडून कुणी सही घेतली होती का? सासूनं हातात तांब्या दिला, एवढंच.

त्या तुळशीवरूनच आमच्या गटात जे निघालं ते मला आज सांगायचंय. आमचं गाव केज तालुक्यात. बारा जणींपैकी सात जणी दसरा झाला की कोयत्यावर जातात. कारखाना पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीनला उठून फडात, रात्री कोपीत. परत यायला पाडवा उजाडतो. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, तुमच्या बरणीचं राहू द्या, माझ्या तुळशीचं काय करू ते सांगा. दरसाल येऊन बघते तर काडी झालेली असती.” घरी सासू असते, पण तिला गुडघ्यानं हंडा उचलवत नाही.

तुळशीला आम्ही घटाचाच उपाय केला. भाजलेल्या मातीचं बिनरंगाचं लहान मडकं तुळशीच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलं, वर पणतीचं झाकण. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी मडक्यात टाकलं की ते पाझरत राहतं. तांब्या उचलणं सासूला जमतं.

आणि बरणी तिनं घरी ठेवली. कोपीवर नेऊ का म्हणत होती, पण ट्रॅक्टरच्या धक्क्यात काच टिकली नसती. तिचा मुलगा पाचवीत. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, हा आजीजवळ राहतो. तिनं त्याला सांगितलं, झाकण उघडायचं नाही, फक्त बघायचं. नंतर तिनं मला सांगितलं ते असं. दरसाल रात्री फोन लावला की पोरगं “बराय” म्हणायचं. जेवला का, हो. शाळेत गेला का, हो. पुढं तो गप्प आणि ही गप्प, आणि फोन ठेवल्यावर ही रडणार. आता तो सांगायला लागला. आज काचेला पाणी लई आहे. आज नाही. आज शेवाळ वर चढलंय. नेच्याला गोगलगायीसारखं गुंडाळलेलं काहीतरी आलंय, आई, ते उलगडतंय. ती फडात मोळी बांधता बांधता दुसऱ्या बायांना सांगायची, आमच्या नेच्याला पान आलंय. नेचा म्हणजे काय हे तिथल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. मग तिला समजावून सांगावं लागायचं.

पाडव्याच्या आधी चार दिवस ती आली. मडक्यामुळं तुळस जगली, बुंध्याशी थोडी वाळलेली पण वर हिरवी. बरणीतल्या दोन झाडांपैकी एक गेलं होतं, नेचा राहिला होता. झाकण साडेपाच महिने उघडलेलं नव्हतं. मला वाटलं होतं ती आधी बरणी बघेल. ती म्हणाली, “आधी पोराला घासूनपुसून न्हाऊ घातलं, मग बघितली.”

या बरणीनं तिचं जाणं थांबलं का? नाही. उचल फिटली का? नाही. असल्या गोष्टींच्या नावावर नसलेलं श्रेय लावायला मला आवडत नाही. शहरातली माणसं म्हणतात बरणीतल्या झाडानं निसर्गाशी नातं जुळतं. दहाव्या मजल्यावर राहणाऱ्याला तेवढाच हिरवा तुकडा मिळत असेल तर त्यानं तो ठेवावा, लंडनच्या धुरातल्या डॉक्टरांनीही तेच केलं. आपलं नातं बरणीच्या बाहेरचं आहे. आपण उसात आहोत, कापसात आहोत, पाण्याच्या रांगेत आहोत. निसर्ग आपल्याला सुंदर म्हणून भेटत नाही, काम म्हणून भेटतो. म्हणून कामाशिवाय, कापायचं-वेचायचं-विकायचं सोडून, एखाद्या हिरव्या गोष्टीकडे नुसतं बघायला मिळणं ही आपल्याकडे चैन आहे, आणि ती चैन लोणच्याच्या बरणीत मावते. मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर बीडजवळ पालवणला जा. तिथं सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईचं काम आहे. २०२० सालच्या फेब्रुवारीत तिथं वृक्ष संमेलन भरलं होतं, आणि संमेलनाचा अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड. अध्यक्षांनी भाषण केलं नाही, त्यामुळं संमेलन चांगलं झालं म्हणतात.

गेल्या वेळी काही जणींनी फोन करून विचारलं होतं, बरण्या करून विकता येतील का. येतील, पण जपून. काच वाहतुकीत फुटते, आणि जत्रेत विकलेली बरणी गिऱ्हाइकानं खिडकीच्या उन्हात ठेवून मारली की तो तुम्हालाच बोल लावतो. आधी स्वतःच्या घरात सहा महिने टिकवून बघा, मग विकायचं ठरवा. आणि विकायला म्हणून विहिरी-बारवांचा हंसराज ओरबाडू नका. तो संपला तर पुन्हा यायला किती पावसाळे लागतील कुणास ठाऊक. विकायची झाडं नर्सरीतूनच घ्या, नाहीतर मनीप्लँटच्या कांड्या घरीच वाढवा.

ज्यांना दसऱ्यानंतर निघायचंय त्यांनी बरणी या आठवड्यातच भरा. पाण्याचं गणित बसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तुम्ही घरी असायला हव्यात. सकाळी काचेवर धुकं धरावं आणि दुपारपर्यंत निम्मी काच मोकळी दिसावी, म्हणजे बरोबर आहे. दिवसभर काच दुधासारखी पांढरी राहिली तर झाकण काढून दुपारी दोन तास ठेवा, असं तीन दिवस करा. आठ दिवस धुकंच धरलं नाही तर दोन चमचे पाणी घाला, दोनच. पान पिवळं पडलं तर चिमट्यानं काढून टाका, बुरशी दिसली तर तो तुकडा मातीसकट काढा. निघायच्या दिवशी झाकण पुसून घट्ट लावा, आणि मागं जे राहणार आहे, सासू, पोर, शेजारीण, त्यांना खिडकी दाखवून ठेवा. मडकं पुरायचं असेल तर कुंभाराला सांगताना रंग नको, तेल नको, असं स्पष्ट सांगा, रंगवलेलं मडकं पाझरत नाही.